भाऊबीजेची अट

सख्ख्या भावावर मी सहा वर्षं दावा चालवला. बाबा गेल्यावर शेतीत वाटा मागितला, तर दादा म्हणाला, "लग्नात देल्लं तेवढं पुरलं नाही काय?" झालं! तारखेला मी अमरावतीहून वरूडच्या कोर्टात जायची, तो शेंदूरजनाघाटहून यायचा. बसायचो एकाच बाकावर, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. दोघांच्याही वकिलांनी बजावलं होतं, केस चालू आहे तोवर समोरच्या पार्टीशी बोलायचं नाही. आम्ही दोघंही तसे फार आज्ञाधारक.

शेवटी समझोता झाला. विहिरीजवळचा तुकडा दादानं माझ्या नावावर करून दिला, संत्र्याचा बगीचा त्याच्याकडे राहिला. आता मी दावा मागे घ्यायचा, एवढंच उरलं होतं. माझ्या वकीलसाहेबांनी अर्ज टाइप करून कोर्टाच्या व्हरांड्यातच माझ्यापुढे धरला.

"एक अट राहिली," मी म्हटलं. "यानं दर भाऊबीजेले माह्या घरी यायचं. धडधाकट भाऊ असून सहा वर्षं चंद्राले ओवाळून राहिली मी."

"ताई, हे कोर्टाच्या कागदात बसत नाही."

"मग माही सहीबी बसत नाही."

दादा खाली फरशीकडे पाहत होता. तुकडा गेला खड्ड्यात, पण हा नाही म्हणाला तर मला माहेरच उरत नव्हतं.

"लिहा, वकीलसाहेब," तो म्हणाला. "मी तं दरसाल येतोच."

"खोटारडा!" मी ओरडले. शिपायानं हळू बोला म्हणून खूण केली.

"अमरावतीच्या स्टँडवर उतरायचो. मंग आठवे, वकिलानं बोलू नको म्हटलं. चहा प्यायचो अन् त्याच एसटीनं वापस."

हा माणूस असाच आहे. शाळेत मास्तरांनी हलू नको म्हटलं होतं, तेव्हा मधमाशी चावली तरी हलला नव्हता.

अट काही लिहिली गेली नाही. मी सही केली. जज मॅडमनी विचारलं, स्वखुशीनं दावा मागे घेता का, कुणाचा दबाव? मी म्हटलं, दबाव नाही. दोन मिनिटांत दावा निकाली निघाला.

बाहेर दादानं मोटरसायकलला अडकवलेली पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत सहा साड्या, घडी न मोडलेल्या. सहाच्या सहा मोरपंखी. वहिनीला दुसरा रंग दिसतच नाही, हे मी तिच्या लग्नापासून सांगते आहे. तेच सांगायला तोंड उघडलं आणि कोर्टाच्या फाटकातच भोकाड पसरलं.

"रडून काहून राहिली? रंग पसंत नाही काय?"

"नाही पसंत," मी म्हटलं आणि पिशवी घट्ट धरली. "अन् औंदा स्टँडवर चहा पिऊन वापस गेला, तं पुन्हा दावा टाकीन."