राखेत निवलेला हूक

आमच्या बालाघाटात मँगनीजचं भारी कौतुक. खाण उशाशी, त्यामुळे माणसांना वाटतं की ज्यात मँगनीज ते कधी मोडायचंच नाही. माझे बाबा तर या भक्तीतले महंत. किरनापूर रोडवर त्यांचं लोहारकामाचं आणि वेल्डिंगचं दुकान आहे, आणि मी पोलाद तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करते. घरात वाद कशावरून होतात, ते वेगळं सांगायला नको.

त्या उन्हाळ्यात दुकानामागच्या विहिरीचा गाळ काढायला घेतला होता. सुट्टीच्या दिवशी मी पोचले तेव्हा धाकटा भाऊ तळाशी ड्रममध्ये चिखल भरत होता आणि वर बाबा मोटर चालवत होते. विहिरीवर उभ्या केलेल्या तिपाईच्या चाकावरून दोर, दोराला हूक, हुकाला ड्रम. काम संपलं की भावालाही त्याच हुकावरून वर घ्यायचं होतं.

"पाह्य, नवा हूक," बाबा खुशीत म्हणाले. "भंगारातल्या सळईचा केला. तिले ड्रिल लावलं तं बिटच जळला. मँगनीजवाली हाय, मँगनीजवाली!"

त्या सळईचा उरलेला तुकडा बाजूला पडला होता. स्क्रू उचलायचं चुंबक त्याला लावून पाहिलं. चिकटेना.

"बाबा, वाकवल्यावर थंडा कसा केला जी?"

"राखेत पुरला. हळूहळू निवू देला. पाण्यात टाकला असता तं ठिसूळ नसता झाला? मले शिकवतं का!"

साध्या पोलादाला बाबांचं म्हणणं अगदी बरोबर. त्यात मँगनीज चिमूटभरच असतं. पण मूठभर पडलं की लोखंडाची जातच बदलते. त्याला चुंबक धरत नाही, घाव बसेल तसं ते वरून आणखी कडक होतं, आणि लाल करून राखेत निववलं तर आतून काचेसारखं ठिसूळ होतं. त्याला तापल्या अंगानं पाण्यातच बुडवावं लागतं. जन्मभर लोखंडाशी झुंजलेल्या माणसानं काळजी घेतली, आणि त्या काळजीनंच हुकाचा घात केला होता.

आणि तेवढ्यात भरलेला ड्रम तळातून उचलला गेला होता.

"मोटर बंद..." म्हणता म्हणता मी जीभ चावली. एकदम थांबून हुकाला हिसका बसला तर? ड्रम बरोबर भावाच्या डोक्यावर होता.

"भाऊ, भिंतीले चिपक! पुरा चिपक!"

"काहून वं ताई?"

"चिपक म्हनते ना मुकाट्यानं!"

"तुले काय भूत लागलं का?" बाबा खेकसले. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चाक कुरकुरत होतं, ड्रम गोल फिरत फिरत वर येत होता, आणि मी भीतीनं अर्धी मेले होते. अखेर ड्रम काठावर टेकला. मी झडप घालून हूक दोरातून सोडवला.

"दे इकडे! माझ्या हातचं काम हाय ते!"

"मंग ठेवा ऐरणीवर आन् हाना घन!"

रागारागानं त्यांनी घन उचलला. एकाच घावात हुकाचे दोन तुकडे झाले.

विहिरीतून आवाज आला, "अरे, मले वर घेता का नाही?"

बाबांना बाजूला सारून आता मोटरपाशी मी उभी राहिले. हुकाशिवाय नुसता दोर खाली सोडला. भावानं तो कमरेला आणि काखेतून पक्का बांधला. तो चिखलानं माखून वर आला आणि दात काढत म्हणाला, "काय जी, आज लवकर सुट्टी?"

बाबांनी त्याचं डोकं चाचपलं, खांदे चाचपले. मग माझ्यावरच उखडले.

"पोरगा सकाळपासून आत होता. तुले यायले इतका टाइम काहून लागला वं?"

मी तोंड उघडणार, तोच ते ऐरणीपाशी मटकन बसले आणि लहान लेकरासारखे रडायला लागले.