गाव अधिक टोली

"मॅडम, जय भीम बोलने से टोटल नहीं आता."

आमचे साहेब हे माईकवर बोलले. भर सभेत. सभागृहात तालुक्यातले सगळे ग्रामसेवक बसले होते. पुढच्या खुर्चीत जिल्ह्याहून आलेले मोठे साहेब चिवडा खात होते. भिंतीवर माझ्या कम्प्युटरमधला तक्ता पडला होता आणि त्याच्या तळाशी तालुक्यातल्या घरांची बेरीज होती. बेरीज निम्म्याहून कमी दिसत होती. मोठ्या साहेबांनी "ये क्या है, तालुका खाली हो गया क्या?" असं विचारलं, आणि आमच्या साहेबांनी माझ्याकडे बोट करून ते उत्तर दिलं.

हशा पिकला. एकाने तर मांडीवर थाप मारली. माझ्याच समाजातला एक ग्रामसेवक मागच्या रांगेत होता, तोही हसला. बाकीच्यांपेक्षा थोडा उशिरा, आजूबाजूला बघून, पण हसला. त्याचं हसणं मला जास्त झोंबलं. इतरांना हसायला काही लागलं नाही, याला मात्र त्यासाठी भीती लागली.

मी मान खाली घालून माऊस धरून बसले होते. बी.ए. झालेली बाई, आणि मान खाली.

मी त्या तालुक्याच्या ऑफिसात कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटर होते. कंत्राटी म्हणजे खुर्ची आपली नाही, पंखा आपल्यासाठी नाही, आणि चूक कोणाचीही असो, ती आपली. फुलचूरला मावशीकडे राहून कम्प्युटर शिकले होते. मावशी लोकांकडे धुणी-भांडी करायची आणि माझ्या क्लासची फी भरायची. सरकारी ऑफिसात टेबल मिळालं तेव्हा तिने मोहल्ल्यात पेढे वाटले होते. त्या टेबलावर बसून मी हे ऐकत होते.

त्या वर्षी गावोगाव नळाची योजना आली होती. ग्रामसेवकाने आपल्या गावातली घरं कळवायची, मी ती तक्त्यात भरायची, खाली बेरीज घ्यायची. जितकी घरं तितके नळ. जे घर तक्त्यात नाही त्याला नळ नाही. इतकं सरळ काम होतं.

नळ म्हणजे काय, हे सभेत चिवडा खाणाऱ्यांना कळणार नाही. आमच्या टोलीत, म्हणजे गावालगतच्या आमच्या समाजाच्या वस्तीत, एकच बोरिंग, आणि त्याचं पाणी लाल. भांड्याला तांबूस थर बसतो. भात पिवळा पडतो. पांढरं लुगडं दोन धुण्यांत मातीच्या रंगाचं होतं. म्हणून प्यायचं पाणी माय गावातल्या टाकीवरून आणायची. टाकीवर बायांची रांग असे. माय रांगेत नसे, रांगेच्या बाजूला उभी असे. गावातल्या साऱ्या बाया भरून गेल्या की तिची पाळी. ती भरून निघाली की मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, घरची सून तोटीवर तांब्याभर पाणी ओतायची, तोटी धुऊन घ्यायची, मग आपली घागर लावायची. गोंदिया नवा जिल्हा झाला त्या वर्षी मी सातवीत होते. तोटी धुताना पाहिलं आणि मायला विचारलं, "काऊन धुते वो थे?"

माय म्हणाली, "चाल लवकर, ऊन होऊन राह्यलं."

आता त्या बेरजेचं सांगते.

आमच्या भागात गावाची मोजणी दोन तुकड्यांत होते. गाव अधिक टोली. असं लिहा, असा कुठल्याही सरकारी कागदावर आदेश नाही. तरी सगळे लिहितात. संडास किती? एकशे दहा अधिक बारा. हगवणीचे पेशंट किती? चार अधिक नऊ. जुना ग्रामसेवक बदलून जातो, नवा येतो, त्याला दप्तराच्या चार्जमध्ये हे अधिकचं चिन्हही मिळतं. आमच्या आजोबांनी छप्पननंतर दीक्षा घेतली. घरातले देव गेले, धर्म बदलला, पोरं शिकली. हे चिन्ह कोणी पुसलं नाही.

माझ्या गावाचा आकडा आला होता २१०+३८. त्या अडतिसांत माझी माय.

साहेबांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "जैसा आया वैसा डालो. अपना दिमाग नहीं लगाना." मी नाही लावला. कोणी '१४० घरे' लिहून पाठवलं, ते तसंच टाकलं. एका महाभागाने 'माहिती निरंक' लिहिलं होतं, जणू त्याच्या गावात माणसं झाडावर राहतात. तेही टाकलं. अधिक लावून आलेले आकडे तर ढिगाने होते, तेही टाकले.

आणि कम्प्युटरचं असं आहे की चौकटीत निव्वळ आकडा असेल तरच तो बेरजेत धरतो. आकड्याला शब्द चिकटला, किंवा आधी बरोबरचं चिन्ह न लावता मध्येच अधिक आलं, की त्याच्या लेखी तो मजकूर. मजकुराची बेरीज तो करत नाही. चुकलं म्हणून ओरडतही नाही. गुपचूप पुढच्या चौकटीवर जातो. नीट पाहिलं तर पडद्यावर हे दिसतंही. आकडे चौकटीच्या उजव्या कडेला टेकतात, मजकूर डावीकडे राहतो. मान खाली घालून बसले होते तेव्हा माझी नजर त्या रकान्यावर गेली, आणि डावीकडे राहिलेली जवळजवळ सगळी गावं टोलीवाली दिसली.

म्हणजे झालं असं की ज्या गावाने आम्हाला वेगळं लिहिलं, ते अख्खं गावच बेरजेतून गेलं. टोली गेली, तसं सरपंचाचं घरही गेलं. मालगुजाराच्या चार मजबूत भिंतीही गेल्या. आम्हाला बाजूला बसवायच्या हौसेपायी बिचारे स्वतःच शून्य झाले होते, आणि ते शून्य भिंतीवर बघून माझ्यावर हसत होते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मला वाटलं, साहेबांना कळलेलं नाही, आपण उठून सांगावं. ही माझी बावळट समजूत. मी तोंड उघडायच्या आत साहेब टेबलाशी आले, "हटो" म्हणाले आणि माऊस माझ्या हाताखालून ओढून घेतला. ते काही अडाणी नव्हते. त्यांनी शोधा-आणि-बदला ती खिडकी उघडली. शोधायच्या जागी अधिकचं चिन्ह आणि पुढे एक तारा लिहिला. म्हणजे अधिक, आणि त्याच्या पुढे जे काही असेल ते. बदलायच्या जागी काहीच लिहिलं नाही. मोकळं. आणि 'सगळे बदला' दाबलं.

डावीकडची टोलीवाली गावं एका झटक्यात उजवीकडे गेली. खालची बेरीज उडी मारून वर चढली. सभागृहात टाळ्या पडल्या.

"देखा? दो मिनट का काम," साहेब म्हणाले. मोठे साहेब "गुड, गुड" म्हणाले आणि पुन्हा चिवड्याकडे वळले.

मी माझं गाव शोधलं. २१०. नुसते दोनशे दहा. एका बोटाने तालुक्यातल्या साऱ्या टोल्या उठल्या होत्या. बुलडोझर लागला नाही, पोलीस लागले नाहीत, कोणी रडलंही नाही.

"सर, टोलीची घरं गेली," मी म्हणाले.

"टोली का बाद में देखेंगे. पुरवणी में."

"पुरवणी कधी निघते सर?"

साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. माझ्या गावचा ग्रामसेवक दुसऱ्या रांगेतून उठला. माणूस गोड बोलणारा. मायला रस्त्यात भेटला तर हात जोडणारा.

"तुमच्या टोलीत बोरिंग हाय ना बाई," तो म्हणाला. "आता नळ कायले पायजे?"

आजूबाजूच्या माना हलल्या. हो, बरोबर आहे, कायले पायजे.

अशा वेळी रक्त उसळतं म्हणतात. माझं उसळलं नाही. उलट डोकं थंड झालं, इतकं थंड की मला माझीच लाज वाटली, आजवर काय समजून बसले होते म्हणून. लहानपणापासून मला वाटायचं की या लोकांना कळत नाही. कोणी नीट समजावलं तर कळेल. आपण शिकू आणि समजावू. शिक्षणाचा माझा सगळा हिशोब यावर उभा होता. त्या दुपारी तो कोसळला, आणि बरं झालं. यांना बेरीज येते. कुठे खोडायचं तेही येतं. ज्याला सगळं येतं त्याला मी काय समजावणार होते?

मी साहेबांच्या कोपराखालून हात घातला. कंट्रोल दाबला आणि झेड दाबला.

सगळे अधिक परत आले. बेरीज धपकन खाली पडली. टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले.

"काय करून राह्यली तू?" साहेब म्हणाले. इतका वेळ मी हिंदीत मॅडम होते. एका बटणावर मराठीत तू झाले.

मी माझ्या गावाच्या चौकटीत गेले. आकड्याच्या आधी बरोबरचं चिन्ह टाकलं आणि एंटर दाबलं. २४८. चौकट उजवीकडे टेकली, खालची बेरीज हलली. यात कोणी कविता शोधू नये, ते फक्त एक बटण आहे. पुढच्या गावावर गेले. बरोबर, एंटर, बेरीज हलली. त्याच्या पुढचं. भिंतीवर आकडा वाढत होता.

"बंद करो ये," मोठे साहेब म्हणाले. कोणीतरी प्रोजेक्टरची पिन उपटली. भिंत पांढरी झाली. नंतर चहा आला. सगळ्यांनी चहा घेतला.

सभा संपल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर कोरा कागद ठेवला. आवाज मऊ होता.

"माझ्या निष्काळजीपणामुळे बेरीज चुकली, इतकंच लिहा. कंत्राट पुढे चालू राहील."

"नाही लिहिणार."

"क्यों? इगो है?"

"जसं आलं तसं टाका, हे तुम्ही म्हणालात. टोल्या तुम्ही काढल्या. यात मी काय लिहू?"

साहेब हसले. "आप लोगों का यही प्रॉब्लम है." त्यांनी कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला. कागद वाया जाऊ नये याची त्यांना काळजी होती. मी माझा डबा आणि छत्री घेतली आणि निघाले. तक्ता वर गेला तो त्यांचाच गेला, टोल्या नसलेला, बेरीज चोख.

घरी माय चुलीपुढे होती. "काऊन वो, आज लवकर आली?"

मी सगळं सांगितलं. नोकरी गेली तेही सांगितलं. वाटलं, रागावेल, कपाळाला हात लावेल. ती लाकूड सारत बसली आणि एवढंच म्हणाली, "मंग आपले घरं राह्यले का त्याच्यात?"

"नाही."

तिने ताट वाढलं. मी आता सडक अर्जुनीला हायवेवर एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे बिलं बनवते. तिथे ट्रकवाले शिव्या देतात, पण तोंडावर देतात.

गेल्या उन्हाळ्यात पाईप आले. गावातल्या शेवटच्या घरापर्यंत नाली खोदली आणि तिथेच बुजवली. टोली तिथून हाकेवर आहे. पाईप उरले होते, ते ट्रॅक्टरमध्ये भरून नेताना आम्ही पाहिले. माय अजून टाकीवर जाते. गावातल्या बाया आता टाकीवर येत नाहीत, त्यांच्या दारात नळ आहेत. तेवढी तिची पाळी लवकर लागते, याला कोणी प्रगती म्हणणार असेल तर खुशाल म्हणो.

आणि परवा ग्रामसभा होती.

ग्रामसभेला कोरम लागतो. ठरलेली माणसं हजर नसली तर सभा होत नाही. गावातले मोठे लोक सभेला येत नाहीत, त्यांची कामं सभेवाचून होतात. म्हणून दरवेळी ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन टोलीत येतो. "चला जी, कोरम भरून नाही राह्यला." आमचे म्हातारे अंगठे देतात, बाया सह्या करतात, कपभर चहा मिळतो. त्या रजिस्टरात आमचं वेगळं पान नसतं. तिथे एक, दोन, तीन, सगळे सलग. सभा भरवायला आम्ही गावातले.

परवा शिपाई आला तेव्हा मी घरी होते. टोलीतल्या बायांना म्हटलं, चला, पण कोणी सही करायची नाही. आम्ही गेलो. रजिस्टर पुढे आलं. मी पेन घेतला नाही.

"गावात घरं किती?" मी ग्रामसेवकाला विचारलं.

"दोनशे दहा अधिक..."

"अधिक नाई. गावात घरं किती हायेत, थे सांगा."

"तुले मालूम हाय ना बाई."

"मले मालूम हाय. तुमच्या तोंडून पायजे."

तो सरपंचाकडे बघून हसला. सरपंच म्हणाला, "आधी सही कर, मंग बोलू." मी म्हणाले, "आधी बोला." माझ्यामागे माय उभी होती. ती रजिस्टरकडे बघत होती आणि हात पदरात घट्ट धरून होती. मग सरपंचाने सभा तहकूब केली. जाता जाता हसत मला ऐकवलं, "तहकूब सभेला कोरम लागत नाही, मालूम हाय ना?"

मालूम आहे. घ्या सभा. चार रिकाम्या खुर्च्यांना ठराव वाचून दाखवा आणि एकमताने मंजूर करा. मी त्या सभेलाही येईन, त्याच्या पुढच्यालाही येईन, आणि दारात उभी राहून हेच विचारेन. टोलीतून एक सही जाणार नाही, एक अंगठा जाणार नाही. आम्हाला दयेचा नळ नको, पुरवणी नको, कोणाचं हात जोडणं नको. या गावात दोनशे अठ्ठेचाळीस घरं आहेत. हे त्यांना सभेत, मोठ्याने, एका दमात म्हणावं लागेल. जीभ अडखळली तर मी थांबेन, पण म्हणून घेतल्याशिवाय दारातून हलणार नाही.