पाणी लांब हाय, ओव्हर

गावच्या सागरी गस्त पथकात माझी नेमणूक खडपावर झाली. खडप म्हणजे समुद्रात शिरलेले खडक. माझं शिक्षण चौथी, चार लोकांत तोंड उघडत नाही, तरी मला घेतलं. कारण ओहोटीला खडकावरची कालवं, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या आम्हा बायकांना तिथली प्रत्येक कपार माहीत. पथकप्रमुख होते सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार काका. वॉकीटॉकीचा सेट त्यांनी माझ्या गळ्यात अडकवला. "ही बडबडत न्हाय. बॅटरी टिकेल," म्हणाले.

काम साधं होतं. किनारा चालायचा. अनोळखी होडी किंवा वस्तू दिसली तर रिपोर्ट द्यायचा, हात लावायचा नाही. त्या वर्षी पाऊस सरल्यावर लाटांबरोबर चरसची पाकिटं येऊ लागली. पोलिसांनी खडप तपासायला सांगितलं.

खडपावर उतरताना आमच्यातला एक जण किनाऱ्यावरच्या उंच दगडावर बसतो. त्यानं फक्त पाणी बघायचं. "पाणी फिरलं", म्हणजे भरती लागली, अशी हाक आली की टोपली-कोयती आहे तिथं टाकून निघायचं. या हाकेच्या भरवशावर आम्ही मान वर करत नाही.

त्या दिवशी पाणी बघायला होते नामदेव भावजी, माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. एक सेट त्यांच्याकडे, एक बंदरावर काकांकडे. सकाळी चहाला त्यांची काकांशी नेहमीची जुंपली.

"दारूची दुकानं उघडी चालतात. मंग गांज्यानं काय घोडं मारलंय? सोडून टाकावा सरकारनं. मी ओढतो, घरात कोणावर हात उचलतो का?"

"आधी हातातला चहा सांडतोयस तो बघ," काका म्हणाले. "ड्युटीवर ओढलास तर पथकाच्या बाहेर."

"व्हय साहेब." भावजी हसले. "वैनी, तुमी तरी बोला कायतरी."

मी पेले विसळायला घेतले.

दिवस अमावास्येचा. उधाणाचं पाणी लांब जातं आणि तितक्याच जोरानं परत येतं. मी आणि माझी सख्खी जाऊ सुगंधा शेवटच्या खडपावर पाकिटं शोधत होतो. सेटवर बंदरावरून काकांचा आवाज आला.

"नामदेव, पाणी कसं? ओव्हर."

नुसती खरखर. मग, "पाणी लांब हाय. ओव्हर."

आवाज जड होता. मी मान वर केली. दगड रिकामा. आमच्या आणि किनाऱ्याच्या मधली घळ भरली होती.

मी सेट हातात घेतला. तोंडातून आवाज फुटेना. "बटण दाब गं," सुगंधा म्हणाली. मी दाबलं.

"पाणी फिरलंय. आमी दोघी अडकलोय." ओव्हर म्हणायचं राहिलं.

"खडप धरून ऱ्हावा. होडी काढतो. ओव्हर," काका म्हणाले.

होडीला वेळ लागणार हे मला माहीत होतं. पाणी कमरेला आलं.

सुरूच्या बनातून भावजी धावत आले. काकांच्या धाकानं तिथं लपून ओढत बसले होते. दोराचं एक टोक दगडाला बांधून, दुसरं घेऊन ते घळीतून पोहत आले आणि खडपाला बांधलं. आधी सुगंधा गेली. मग त्यांनी माझे हात दोरावर ठेवले. शर्टाला तो वास होता.

"वैनी, दोर सोडू नका."

मी किनाऱ्याला लागले आणि मागे बघितलं. लाटेनं त्यांना खडपावर आपटलं होतं. होडी पोचली तेव्हा ते पाण्यात पालथे होते.

दहाव्याला माणसं जमली. कोणी म्हणालं, म्हणूनच कायदा आणखी कडक हवा. कोणी म्हणालं, चोरून ओढावा लागला नसता तर दगडावरच बसला असता, पाणी दिसलं असतं. भावजींची बायको बाहेर आली.

"दारू पिऊन गेले असते तर एवढा वाद घातला असता का?"



मी पथक सोडलं. टीव्हीवर तो वाद लागला की मी आत जाते. दगडावर बसून ओढला असता तर त्यांना पाणी दिसलं असतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

आता बायका कालवांना गेल्या की दगडावर मी असते. बसत नाही, उभी राहते. पाणी फिरलं की हाक देते. बंदरापर्यंत ऐकू येते, असं काका सांगतात. मग एकेकीचं नाव घेते, ओ येईपर्यंत. सगळ्या वर आल्या की एकदा भावजींचं नाव घेते, हळू. मग उतरते.