उदाचा वास आणि शहानियाचं कोकरू

शुक्रवारी सकाळी आखातातल्या आमच्या अबू हमूर वस्तीतून गाडी काढली, तेव्हा माझी लेक जुई मागच्या सीटवर शाळेच्या प्रोजेक्टची चित्रं बघत बसली होती. एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडमधले मेंढपाळ, हिरवी कुरणं, दगडी बांध, हातात वाकड्या मुठीच्या काठ्या.

"मम्मा, दीज आर रिअल शेपर्ड्स," ती म्हणाली.

"आणि आम्ही काय खोटे?" मी आरशातून डोळे वटारले. वेस्ट बेमधल्या ऑफिसात बसत असले तरी मी माणदेशातल्या धनगराची पोर आहे, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. माझा चुलतभाऊ बिरा शहराबाहेर, शहानिया गावाच्या पुढे एका इज्ब्यावर (मेंढ्या-उंटांच्या वाड्यावर) कामाला आहे. म्हटलं, चल, दाखवतेच तुला!

शहानिया मागे पडलं आणि डांबर संपलं. मग नुसतं पिवळट माळरान, खडे, मधूनच एखादं समरचं झाड (आपल्या बाभळीचं भावंड). हवा छान गार होती. मी मात्र वळण चुकले आणि चाक वाळूत रुतलं. शेवटी बिराच पिकअप घेऊन शोधत आला.

"ताई, ह्यो काय म्हसवडचा रस्ता हाय व्हय?" असं म्हणत त्याने दोर लावून आम्हाला ओढून काढलं.

इज्ब्यावर त्याने चुलीवर भाकरी थापली होती. सोबत लसणाचा ठेचा आणि वर इथले खजूर. घरी पास्त्याशिवाय न जेवणारी जुई हूं की चूं न करता जेवली.

आम्ही हात धूत होतो तेवढ्यात एक मेंढी व्याली, पहिलटकरीण. जुईला कुठला धीर! आम्ही वळेपर्यंत तिने ते ओलं कोकरू उचलून छातीशी धरलंसुद्धा. आणि बाईसाहेब घरून निघताना गळ्याला, मनगटांना ऊद (इथलं उंची अत्तर) चोपडून आलेल्या! कोकरू खाली ठेवल्यावर मेंढीने हुंगलं, अत्तराचा परका वास आला आणि ढुशी देऊन त्याला लोटून दिलं. ते धडपडत पुन्हा गेलं. पुन्हा ढुशी.

"मम्मा, विल इट डाय? बिकॉज ऑफ मी?" जुई रडायलाच लागली.

"बाटलीचं दूध हाय," बिरा म्हणाला, "पर पयला चीक आईचाच लागतो. न्हाय पाजलं तर गारठ्यात टिकायचं न्हाय."

मी ओढणी कमरेला खोचली.

"जमंल का ताई? लई वर्सं एसीत बसलीस."

"जमेल का म्हणजे? तू मेंढी धर. यल्ला, चल!"

ओल्या फडक्याने कोकराला लागलेला ऊद पुसला. मेंढी व्याली त्या जागेवरच्या चिकट ओलीत त्याला लोळवलं. कास पिळून तिचंच दूध त्याच्या पाठीला आणि शेपटीखाली चोळलं, कारण पिलू प्यायला लागलं की मेंढी तिथेच हुंगते. वर थोडं मीठ, म्हणजे ती चाटेल. माझे वडील असंच करायचे. हात जरासुद्धा अडखळले नाहीत, काय सांगू किती बरं वाटलं!

मेंढीने हुंगलं. तिने पुन्हा हुंगलं आणि मग चाटायलाच लागली. कोकरू कासेला लागलं, शेपटी तुरुतुरु हलायला लागली.

"वा गं माझी भैन!" बिरा ओरडला. प्रमोशन मिळालं तेव्हाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

परतीच्या वाटेवर त्याचा फोन आला. "आता धरावी लागत न्हाय. आपली आपण पाजतीय." जुईने मागच्या सीटवर टाळ्या पिटल्या.

घराच्या फाटकाशीच शेजारच्या नाशिकच्या काकू भेटल्या. त्यांनी पदर नाकाला लावला. "अगं बाई, कसला हा वास?"

मी तोंड उघडायच्या आत जुई पुढे झाली. "मेंढीचा. आम्ही धनगर आहोत, काकू."

"बरं बाई. मग आधी अंघोळ कर जा."

जुईने आपले तळहात नाकाशी नेले, हुंगले आणि पाठीमागे लपवले.

"आज नको. उद्या परत जायचंय. कोकराच्या आईने मला ओळखायला हवं ना."