रिप्लेसचं बटण

काकांचा कॉम्प्युटर फॉरमॅट होऊन परत आला, की त्यांचं पहिलं काम ठरलेलं असे. वर्ड उघडायचं, टूल्समधून कस्टमाइजची खिडकी काढायची, एडिटचा मेनू उघडायचा आणि त्यातलं 'रिप्लेस' माउसनं धरून बाहेर ओढून टाकायचं. तोंडात आलेला माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवावा, इतक्या सहज. मग चष्मा पुसून ते कामाला लागत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात, सेफ्टी ऑफिसात ते टायपिस्ट होते आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. त्यांना नाव-आडनाव होतं, पण वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत.

बाकीच्या मेनूबद्दल त्यांचा हट्ट नेमका उलटा. त्या जुन्या वर्डमध्ये आपण जे वापरत नाही ते मेनूतून आपोआप झाकलं जाई. काकांनी मी रुजू झाले त्याच दिवशी माझ्या मशीनवर पूर्ण मेनू कायम दिसेल अशी टिक करून टाकली. "वापरत नाय म्हणून झाकून कशाला ठेवायचा? हाय तो सगळा दिसू दे." प्रिंटचं बटण त्यांनी टूलबारच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं होतं. का, तर छापायला जाताना हात थोडा लांब गेला की माणूस एकदा परत वाचतो. मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. तसं मी त्यांच्या तोंडावर म्हणालेसुद्धा. त्यांनी दुसऱ्या दिवशी तारापूरकडच्या आपल्या माहीम गावाहून घरच्या पानमळ्यातली विड्याची पानं आणून माझ्या टेबलावर ठेवली.

आमच्याकडे अपघाताचे रिपोर्ट टाइप व्हायचे. कोणी भाजलेला, कोणी पडलेला, कोणी टाकी साफ करायला उतरला आणि वर आलाच नाही असा. इतर कारखान्यांत जुनी फाइल उघडून नाव बदलतात. दहा मिनिटांत काम होतं. काका मात्र कोरं पान उघडायचे. त्याआधी प्लांटवर जाऊन यायचे, कामगारांना त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारायचे, "उसको बोला किसने था?" आणि उत्तर जुन्या पाकिटाच्या मागे लिहून आणायचे. यात अर्धा दिवस जाई. साहेब वैतागत. काका मान वर न करता म्हणत, "माणूस नवा हाय ना साहेब, मग कागद जुना कशाला?"

याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, डबा खाताना. मी यायच्या आधी लहानू नावाचा जव्हारकडचा एक कंत्राटी कामगार टाकीत गुदमरून गेला होता. काकांनी आधीच्या टायपिस्टची फाइल उघडली, रिप्लेस दाबलं, सगळीकडे लहानूचं नाव आलं. पण फाइलमधलं एक वाक्य तसंच राहिलं : 'सदर कामगार सुपरवायझरची सूचना न जुमानता टाकीत उतरला.' लहानूला तर सुपरवायझरनंच उतरवलं होतं. पंधरा दिवसांनी त्याचा बाप तो कागद घेऊन आला. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी त्याला तो वाचून दाखवला होता. "माजा पोर कुनाचा ऐकत नव्हता, असा तुमी लिवलाय?" म्हातारा एवढंच विचारत राहिला. साहेब म्हणाले, "बघू." कागद वर गेला होता, तो बदलला नाही. "आनि बाय," काका डब्याचं झाकण लावत म्हणाले, "ती ओळ ज्याच्यावर पहिल्यांदा लिवली, त्याच्याबाबत तरी ती खरी होती का, कोनाला ठाव?"

पुढे नवं वर्ड आलं, वरच्या रुंद पट्टीवालं. त्यातून एकटं रिप्लेस निघेना. काका दोन दिवस कासावीस. शेवटी मी त्यांना अख्खा एडिटिंगचा गटच पट्टीवरून काढायला शिकवलं, आणि त्यांनी तो माझ्याही मशीनवरून काढला. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. "बाय, तेवढा बटण परत आनू नको." मी हसून मान डोलावली.

वर्षही झालं नव्हतं. माहीमजवळच्या पाड्यावरचा किसन नावाचा कामगार टाकीत गुदमरून गेला. तपासणीचे अधिकारी तासाभरात यायचे होते. साहेबांनी जुन्या रिपोर्टचा पेनड्राइव्ह माझ्यासमोर ठेवला आणि खुर्चीमागे उभे राहिले. मी पट्टी रीसेट केली. बटण जागच्या जागी परत आलं. जुनी फाइल, नवं नाव, सात ठिकाणी बदल झाल्याचा निरोप. ती ओळ मी वाचली नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. मी ती वाचली होती. साहेब मागे होते, आणि मी प्रिंट दिली.

निवृत्तीनंतर आसपासचे लोक सरकारी कागद काकांकडेच वाचून घ्यायला नेत. किसनच्या बायकोनंही नेला. दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात आले, माझ्या मशीनसमोर बसले, आणि त्यांची नजर वरच्या पट्टीवर थांबली. ते मला एक शब्द वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "ओळ जुन्या फायलीतली हाय, एवढा लिवून देशील?" साहेबांची केबिन समोरच होती. मला घर दिसलं, पोरांच्या शाळा दिसल्या, आणि मी खाली बघत राहिले. काका गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि गेले.

त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी काका वारले. मी माहीमला गेले, तर अंगणात बायकांमध्ये एक किडकिडीत बाई बसली होती. मला बघून उठून जवळ आली.

"तुमी काकांच्या हापिसातल्या ना? काका मना सांगून गेले, किसनची काय चूक नव्हती. ता कागदावर कदी येल?"

तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला तो कागद होता. मी टाइप केलेला.

आता मीही प्रत्येक रिपोर्ट कोऱ्या पानावर करते, आधी प्लांटवर जाऊन येते. साहेब वैतागतात. किसनच्या बायकोला त्याचा काय उपयोग? त्या दिवशी तिला मी जे उत्तर दिलं, ते अजून माझ्या तोंडातून जात नाही.

"बघू," म्हणाले मी.