भाऊबिजेची पुडी

रंगमंचावर मी राण्या केल्या, पण मला राणी करायची ती बानाबाई. आमच्या नाटक कंपनीत बावीस वर्षं लुगडी, शालू, दागिने तिच्या ताब्यात. दोन प्रवेशांच्या मध्ये, तोंडात चार टाचण्या धरून ती मला नऊवारी नेसवायची. पोलीस ॲक्शनच्या सालातला, म्हणजे अठ्ठेचाळीसचा तिचा जन्म, मेंढरं राखणाऱ्या घरातला. नाटकात गेली म्हणून सख्ख्या भावांनी तिला तोडलं. त्या वर्षी भाऊबिजेला ती विंगेत रडत बसली होती. पडदा ओढणारा, कारभारी नावाचा गडी पाट घेऊनच आला आणि तिच्यासमोर बसला. म्हणाला, "ओवाळ मला. मी हाय ना." तेव्हापासून बानाची प्रत्येक भाऊबीज त्याचीच.

कंपनी बुडाली. बाना मुकुंदवाडीत राहिली, मी जवळच पुंडलिकनगरात. कारभारी कन्नडच्या बाजारात जडीबुटी घेऊन बसू लागला. पुढं गुडघ्यांनी बानाला जागेवर बसवलं, तेव्हा त्यानं ओवाळणीच्या ताटात पुड्या घातल्या.

"डोंगरातली मुळी हाय, आक्का. लोकाला इकतो, तुला फुकट."

गुण असा, की चौथ्या दिवशी बाना माझा जिना चढून चहाला हजर! मग भाऊबीज नसली तरी, वर्षानुवर्षं पुड्या येत राहिल्या.

आठ वर्षांनी तोच जिना तिला चढवेना. दर पायरीला धाप. भिंतीची माती खावीशी वाटते, असं एकदा हसत म्हणाली. रंगाखालचा चेहरा ओळखण्यात माझा जन्म गेला. तिचे ओठ हातातल्या बशीइतके पांढरे होते.

"वय झालं, बाई. अडुसष्टाव्या वर्षी काय लाली येती व्हय?"

मी तिला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. रक्त पाचवर आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, नुसतं वय झालं म्हणून रक्त एवढं खाली येत नसतं. ते कुठंतरी जातंय. शौचाला काळं होतं का? दुखण्याच्या गोळ्या घेता? त्यांनी पोटात आतून रक्त जातं."

"नाय."

एक गोष्ट तिनं लाजेनं लपवली. दुसरी लपवली, कारण भावाची ओवाळणी परक्याला दाखवली की तिचा गुण जातो, असं तिच्या मनानं घेतलेलं. शिवाय ती मुळी. गोळी थोडीच?

रक्ताची पिशवी लागली. मी तिचं लुगडं आणायला तिच्या खोलीवर गेले. डब्यात पुड्या होत्या. एक हातात सुटली आणि भुकटीत अर्धवट कुटलेली पांढरी गोळी निघाली. मधोमध रेघ असलेली.

ती मी तिच्या तळहातावर ठेवली. बानानं नखानं ती रेघ चाचपली.

"त्याला बोलवा. मीच इचारते. तवर डॉक्टरीणबाईला सांगू नका."

"बाने, रक्त कुठं जातंय ते कळलं नाही, तर हे चढवलेलंही तसंच जाईल."

"उद्यापर्यंत, बाई. मग तुमच्या मनाचं करा."

दुसऱ्या दिवशी कारभारी केळी घेऊन आला. तोही वाकला होता.

"आक्का, लई वाळलीस गं!"

"गुडघे ठणकतेत. पुडी दे."

त्यानं खिशातून लगेच काढून दिली. बानानं ती उघडून त्याच्यापुढं धरली. "आता तू खा. माझ्यासमोर."

"मला काय धाड भरलीय?" तो हसला.

"गुडघे तुझेबी दुखतेत. खा."

भाषण विसरलेला नट विंगेकडं बघतो, तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. मला त्याची कीव आली, पण त्याला देण्यासारखं वाक्य माझ्याजवळ नव्हतं.

"मला नाय सोसत," तो हळूच बोलला. "पोटात आग पडती. नुसत्या मुळीनं गुण येत नाय, आक्का. तू चालावीस म्हणूनच मी त्यात..."

"मला सोसतंय का, ते आठ वर्षांत एकदा तरी इचारलंस?"

केळी खाटेवर ठेवून तो गेला. बाना रडली नाही. तिनं खाटेच्या लोखंडी दांडीवर हात आपटून नर्सला बोलावलं.

"शिस्टर, लिहून घ्या. आठ वर्षं, रोज दोन पुड्या. त्यात गोळ्या कुटलेल्या. शौचाला काळं होतं, चार महिने झाले."

"कुणी दिल्या, आजी?"

बानानं खाटेवरची केळी बाजूला सारली.

"कन्नडच्या बाजारात एक माणूस बसतो. त्यानं."