पाच दिवस बंद ठेवायची गोळी

ठाण्याच्या हॉस्पिटलात मला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा सुईतून थोडं गुंगीचं औषध आधीच गेलेलं. छतावरचे दिवे संथ वाहत होते. वाटलं, गावी मोहन्याला नदीत उताणा पडलोय, पाणी नेईल तिकडे चाललोय. भीती कुठल्या कुठे पळालेली. लाज तेवढी जागी होती.

माझ्या पोटातल्या एका रक्तवाहिनीला फुगा आलेला, तो दुर्बिणीने बंद करायचा होता. सर्जन म्हणालेले, "आत जागा इवलीशी. रक्त सुटलं तर कॅमेऱ्यात लाल सोडून काही दिसणार नाही. म्हणून रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद." हृदयात स्प्रिंग बसवल्यापासूनची ती गोळी. हृदयाच्या डॉक्टरांनाही फोनवर विचारून झालेलं. पण आमची बायको ऐकेल तर शपथ! "ज्यांनी सुरू केली, त्यांनी माझ्यासमोर बंद करावी," म्हणाली, आणि रोज सकाळी चहाबरोबर गोळी माझ्या तळहातावर. मीही बावळट. भांडण नको म्हणून गिळत राहिलो. फॉर्मवर मात्र तिने 'बंद' लिहून सही ठोकलेली.

आत गारेगार होतं. सिस्टर कागद वाचत होत्या, आवाज पाण्याखालून आल्यासारखा. "रक्त पातळ करायची गोळी, पाच दिवस बंद. बरोबर ना, काका?"

हो म्हणणं किती सोपं होतं! डोळे मिटत होते, अंग तरंगत होतं. खरं बोललो तर तिला चारचौघांत बोलणी बसणार. नाही बोललो तर मी जायचो. जड झालेली जीभ कशीबशी हलवली. "कालपण घेतली. बायकोला बोलू नका. मीच चोरून घेत होतो."

मग झोपच लागली, गोड, तळ नसलेली. जागा झालो तर पडद्यातून पिवळं ऊन येत होतं. पोटावर हात फिरवला. पट्टी नाही, टाका नाही. ऑपरेशन पुढे ढकललेलं. उशाशी सर्जन, आणि रडून डोळे सुजलेली ही.

"काका," सर्जन वैतागलेले, "तुम्ही म्हणता, चोरून घेतली. तुमच्या मिसेस ऑपरेशनच्या दारावर धावत आल्या आणि म्हणाल्या, यांचा दोष नाही, मीच दिली. खरं कोणाचं?"

"हिचं," मी म्हटलं.

"म्हणजे टेबलावर चढेपर्यंत गप्प बसलात?" ती माझ्यावरच उखडली. "माझी अब्रू राखायला? अहो, तुम्ही गेला असतात, तर ती अब्रू घेऊन मी काय चाटत बसले असते?"

मला हुंदका फुटला. सर्जन बाहेर गेले.